पडदा घरचा, चौकट सिनेमाची

सणासुदीच्या दिवसांत टीव्हीच्या दुकानात गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. भिंतभर संच लावलेले असतात आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू असते. रंगीत मासे, नाहीतर पोपट, नाहीतर पाण्याचे थेंब अंगावर घेतलेली फळं. गिऱ्हाईक भिंतीसमोर उभं राहतं, इकडून तिकडे मान फिरवतं आणि ज्या संचातले मासे सर्वांत जास्त चमकतात त्याच्याकडे बोट दाखवतं. दुकानदार खूश, गिऱ्हाईकही खूश.

पण हेच गिऱ्हाईक जर म्हणालं, ‘मला मासे बघायचे नाहीत, माझ्याकडे सिनेमाच्या डिस्क आहेत, त्या नीट बघायच्या आहेत,’ तर? मग ही भिंत त्याच्या फारशा उपयोगाची नाही. सिनेमा मुळात टीव्हीसाठी केलेला नसतो. तो अंधाऱ्या सभागृहासाठी, मोठ्या पडद्यासाठी केलेला असतो. त्याची चौकट ठरलेली असते आणि सेकंदाला २४ चित्रं ही त्याची चालही ठरलेली असते. तो घरात आणताना टीव्हीनं त्याच्यावर कुठे कुठे कात्री चालवली आणि ती कात्री हळूहळू कशी बोथट होत गेली, याचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. तो माहीत असला की दुकानात काय विचारायचं हे आपोआप कळतं. म्हणून आज आधी इतिहास सांगतो आणि खरेदीकडे शेवटी वळतो.

सुरुवात चौकटीपासून करू. थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा सहायक होता. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यानं ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं पाडली आणि चार छिद्रांच्या उंचीएवढं एक चित्र, असा हिशेब बसवला. रुंदी चार भाग, उंची तीन भाग. हेच ते ४:३ चं प्रमाण. पुढे बोलपट आले, फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी बसवावी लागली, तेव्हा १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीनं ते किंचित बदलून १.३७ केलं. म्हणजे चित्राची उंची एक धरली तर रुंदी १.३७. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये पुण्यात तयार झाला तो अशाच, जवळजवळ चौकोनी वाटणाऱ्या चौकटीच्या जमान्यात.

अमेरिकेनं १९४१ मध्ये टीव्हीचं ५२५ रेषांचं मानक ठरवलं, तेव्हा पडद्याचा आकार हाच घेतला. त्यात काही वावगं नव्हतं. सिनेमाची चौकट तशी, म्हणून टीव्हीची चौकटही तशी. त्या घडीला दोघांचं भांडण नव्हतं.

भांडण सुरू झालं ते टीव्ही घराघरांत पोचल्यावर. अमेरिकेतला प्रेक्षक तिकीट काढून बाहेर जायचा कंटाळा करू लागला. मग सिनेमावाल्यांनी ठरवलं की घरच्या खोक्याला जे कधी जमणार नाही ते आपण दाखवायचं. सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला ‘सिनेरामा’ आला. तीन प्रोजेक्टर, एक भला मोठा वक्र पडदा. वर्षभरानं, सप्टेंबर १९५३ मध्ये, ‘द रोब’ हा चित्रपट ‘सिनेमास्कोप’मध्ये झळकला. त्यामागची युक्ती आँरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची होती. त्यानं १९२० च्या दशकात एक भिंग तयार केलं होतं. चित्रीकरणाच्या वेळी ते रुंद दृश्य आडवं दाबून साध्या फिल्मवर बसवायचं, आणि दाखवताना तसंच दुसरं भिंग ते पुन्हा पसरवायचं. फिल्म तीच, पण पडद्यावरचं चित्र उंचीच्या अडीचपट रुंद. पुढे हे प्रमाण २.३५ वर स्थिरावलं.

आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला १९५९ मध्ये. तो म्हणजे गुरुदत्तचा ‘कागज के फूल’. छायालेखक व्ही. के. मूर्ती. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरलेला तो प्रकाशाचा झोत आणि त्या अंधारात अंतर राखून उभे असलेले दोघे जण, हे दृश्य ज्यानं पाहिलं तो ते विसरत नाही. त्या दृश्याचा सगळा अर्थ त्या अंतरात आहे. रुंद चौकट होती म्हणून ते अंतर दाखवता आलं. योगायोग असा, की त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. मोठा पडदा रुंद झाला आणि छोटा पडदा चौकोनी आकारात जन्मला, दोन्ही एकाच साली.

आता हे रुंद चित्र चौकोनी पडद्यावर दाखवायचं कसं? मार्ग दोनच होते. एक म्हणजे सगळं चित्र लहान करून मधोमध ठेवायचं आणि वर-खाली काळ्या पट्ट्या सोडायच्या. दुसरा म्हणजे चित्र पडद्याच्या उंचीइतकं मोठं करायचं आणि जे बाहेर जाईल ते कापून टाकायचं. टीव्हीनं बहुतेक वेळा दुसरा मार्ग धरला. हिशेब करून बघा. २.३५ रुंदीच्या चित्रातून १.३३ चा तुकडा घेतला तर ४३ टक्के चित्र बाहेर राहतं. जवळजवळ निम्मं! दोन पात्रं दोन टोकांना उभी असतील तर एकच दिसायचं, दुसऱ्याचा फक्त आवाज यायचा. मग प्रयोगशाळेतला कुणी तंत्रज्ञ ती चौकट कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवायचा. दिग्दर्शकानं कॅमेरा स्थिर ठेवलेला असे आणि घरी बसलेल्याला तो हललेला दिसे.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि १९८२ मध्ये रंग आला. शनिवार-रविवारच्या चित्रपटासाठी शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली आपली एक अख्खी पिढी आहे. कुणाला तक्रार करायचं सुचलं नाही, कारण काय गेलं हे कळायला मूळ चित्र समोर नव्हतं. कापलेलं चित्र आपण पूर्ण समजून बघितलं आणि तसंच मनात साठवलं.

तक्रार केली ती चित्रपट करणाऱ्यांनी. वूडी ॲलन यानं ‘मॅनहॅटन’ हा आपला १९७९ चा चित्रपट व्हिडिओवर येताना काळ्या पट्ट्यांसह, पूर्ण रुंदीतच निघाला पाहिजे असा आग्रह धरला आणि तो तसाच निघाला. सिडनी पोलॅक हा दिग्दर्शक तर डेन्मार्कच्या न्यायालयात गेला. तिथल्या सरकारी टीव्हीनं त्याचा ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ कडा कापून दाखवला होता. निकाल १९९७ मध्ये लागला. असं कापणं म्हणजे कलाकृतीची मोडतोड आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. खटला मात्र तांत्रिक मुद्द्यावर पोलॅकच्या विरोधात गेला. तरी एक गोष्ट नोंदली गेली. चौकट हा चित्रपटाचाच भाग आहे, त्याचं वेष्टण नव्हे.

घरी पूर्ण चित्र मिळण्याची पहिली सोय डिस्कनं केली. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत लेझरडिस्क विक्रीला आली. ताटाएवढी चकाकती डिस्क. ती कधीच फार खपली नाही. पण ती घेणारे लोक सिनेमाचे वेडे होते. १९८४ मध्ये ‘क्रायटेरियन’नं या डिस्कवर जुने चित्रपट काळजीपूर्वक काढायला सुरुवात केली, आणि काळ्या पट्ट्या ठेवून मूळ रुंदी जपणं हा तिचा रिवाज बनला. इतर गिऱ्हाइकं कुरकुरत होती, ‘पैसे पूर्ण पडद्याचे दिले, चित्र निम्म्यावरच!’ त्यांच्या कुरकुरीतही तथ्य होतं. आपल्याकडच्या पद्धतीत टीव्हीच्या चित्राच्या रेषा ५७६. त्यातल्या ४३ टक्के काळ्या पट्ट्यांत गेल्या तर उरल्या सव्वातीनशे. चित्र पूर्ण, पण पुसट. म्हणजे सिनेमा घरी नीट आणायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या. पडदा रुंद हवा होता आणि रेषा जास्त हव्या होत्या.

या दोन्ही गोष्टींवर काम आधीच सुरू झालं होतं, जपानमध्ये. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक संपल्यावर एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या संशोधकांनी पुढच्या टीव्हीचा विचार सुरू केला. त्यांनी यंत्राच्या आधी माणसाचा डोळा तपासला. माणसाला चित्र ‘समोर’ नाही तर ‘भोवती’ आहे असं कधी वाटतं? त्यांना आढळलं की पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसलं आणि पडदा रुंद असला की हा परिणाम जाणवू लागतो. पण इतक्या जवळ बसलं तर जुन्या टीव्हीच्या रेषा डोळ्यांत खुपतात. मग रेषा किती हव्यात? या हिशेबातून ११२५ रेषांची पद्धत आली. १९८१ मध्ये त्यांनी ती अमेरिकेत दाखवली आणि तिथले तंत्रज्ञ थक्क झाले.

जपानी पद्धत मात्र ॲनलॉग होती. अमेरिकेला ती नको होती. आपली पद्धत शोधताना तिथल्या जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीनं १९९० मध्ये अख्खं चित्र अंकांत बदलून पाठवण्याचा प्रस्ताव मांडला आणि बाकीच्या योजना एका फटक्यात जुन्या झाल्या. १९९३ मध्ये सात स्पर्धक एकत्र आले, आणि १९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं डिजिटल टीव्हीला मान्यता दिली. आज आपण ‘फुल एचडी’ म्हणतो ते १९२० गुणिले १०८० बिंदूंचं चित्र याच वाटेनं आलं.

आणि १६:९ हा आकार? त्याची गोष्ट गमतीची आहे. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानं सिनेमात चालणाऱ्या सगळ्या चौकटी कागदावर काढल्या. १.३३ पासून २.३५ पर्यंत. सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवलं आणि त्या एकमेकांवर ठेवल्या. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समान असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण एकच निघालं, १.७७ च्या आसपास. म्हणजेच १६:९. आज प्रत्येक टीव्हीचा पडदा या आकाराचा असतो. तो आला तेव्हा सिनेमाची ती नेहमीची चौकट नव्हती; सगळ्या चौकटींमधली ती तडजोड होती. म्हणून रुंद टीव्ही घेतला तरी काळ्या पट्ट्या जात नाहीत. सिनेमास्कोप लावला तर वर-खाली मिळून पडद्याचा पाव भाग काळा राहतो. जुना चित्रपट लावला तर डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या येतात. तो संचाचा दोष नव्हे. चित्र पूर्ण आहे याची ती खूण आहे.

पडदा तयार होत होता, आता त्याला साजेशी डिस्क हवी होती. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली. एका थरात ४.७ गिगाबाइट, चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचं, म्हणजे सुमारे चार लाख बिंदू. आपल्याकडे २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि भाड्यानं आणण्याऐवजी सिनेमा विकत घेऊन कपाटात ठेवणं मध्यमवर्गाला परवडू लागलं. बाजारात एका डिस्कवर तीन-तीन सिनेमे कोंबलेलेही मिळत. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जागा तेवढीच, सिनेमे तीन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तपशील तिसरा हिस्सा. डिस्कवर जे नाही ते जगातला कुठलाही टीव्ही दाखवू शकत नाही.

फुल एचडीचे बिंदू वीस लाखांवर, म्हणजे डीव्हीडीच्या पाचपट. इतकं मावायला डिस्कवरची अक्षरं बारीक व्हायला हवीत, आणि बारीक अक्षरं वाचायला बारीक लेखणी. डीव्हीडी वाचणारा लाल लेझर ६५० नॅनोमीटर लहरलांबीचा. १९९० च्या दशकात शुजी नाकामुरा या जपानी संशोधकानं निळ्या प्रकाशाच्या दिव्यावर आणि लेझरवर जे काम केलं, त्यामुळे ४०५ नॅनोमीटरचा लेझर हाती आला. निळ्या दिव्याच्या शोधासाठी २०१४ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते एक होते. या लेझरवर दोन प्रतिस्पर्धी डिस्क उभ्या राहिल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी, थराला १५ गिगाबाइट. आणि सोनी व तिच्या साथीदारांची ब्लू-रे, थराला २५. दोन्ही २००६ मध्ये बाजारात आल्या. दोन वर्षं गिऱ्हाईक बिचारं मधल्यामध्ये अडकलं. एकीचं यंत्र दुसरीची डिस्क वाचेना. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर कंपनीनं ब्लू-रेचा पक्ष घेतला आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं माघार घेतली.

डिस्क ठरली, तरी संच निवडायचा घोळ राहिलाच. २००५ मध्ये युरोपातल्या उद्योगसंघटनेनं ‘एचडी रेडी’ अशी चिठ्ठी काढली. अट एवढीच, की पडद्याला किमान ७२० रेषा असाव्यात आणि संचानं एचडी संदेश स्वीकारावा. त्या काळातले असंख्य संच १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचे होते. ७२० रेषांचं चित्र त्यावर ताणावं लागे, १०८० चं आवळावं लागे. कपडा कुणाच्याच मापाचा नाही! ‘रेडी’ या शब्दाचा अर्थ ‘घेईल’ एवढाच होता, ‘जसंच्या तसं दाखवेल’ असा नव्हता.

दुसरा घोळ काळ्या रंगाचा. जुन्या काचेच्या नळीनंतर सपाट पडद्याचे दोन प्रकार समोरासमोर आले. प्लाझ्मा १९६४ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात जन्मला. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि अंधार हवा तिथे जवळजवळ विझतो. एलसीडीमध्ये मागे दिवा असतो आणि पुढे बारीक झडपा. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. दुकानात मात्र ट्यूबलाइटच्या झगझगाटात हा फरक कळतच नाही. तिथे जास्त उजळ एलसीडीच उठून दिसे. सिनेमा बघणाऱ्यांत पायोनियरच्या ज्या प्लाझ्माची वाहवा झाली त्याचं नावच ‘कुरो’. जपानीत कुरो म्हणजे काळा. तो २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये कंपनीनं टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅनासॉनिकनं २०१३ मध्ये प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं. वजन, वीज, किंमत अशी कारणं बरीच होती. पण दुकानातली ती झगझगीत भिंत हेही त्यातलं एक कारण मानलं जातं. २०१३ पासून ओएलईडीचे मोठे पडदे बाजारात आले आणि स्वतः पेटून स्वतः विझणारा बिंदू परत मिळाला.

तिसरा घोळ चालीचा. बोलपटापासून सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या गतीनं चालतो. आपल्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं होती. मग काय करायचं? सिनेमा सरळ थोडा जोरात पळवायचा. अडीच तासांचा, म्हणजे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे. गाण्याची पट्टीही किंचित चढे. आपण वर्षानुवर्षं टीव्हीवर कित्येक गाणी मूळ स्वरापेक्षा किंचित वर ऐकली ती अशी. अमेरिका-जपानात टीव्हीची पद्धत ६० आवर्तनांची, म्हणून तिथे एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असा लंगडा ताल धरावा लागे. कॅमेरा सावकाश फिरला की चित्र अडखळे. ब्लू-रेवर चित्रपट २४ च्या मूळ चालीत ठेवता आला. १२० आवर्तनांचा पडदा असेल तर प्रत्येक चित्र नेमकं पाच वेळा दाखवता येतं, ताल चुकत नाही.

पण गंमत बघा. पडदा १२० चा झाल्यावर संच बनवणाऱ्यांना वाटलं, मधल्या जागा रिकाम्या का ठेवायच्या? संच स्वतःच्या अकलेनं मधली चित्रं तयार करून भरू लागला. क्रिकेटचा चेंडू त्यामुळे छान दिसतो. सिनेमा मात्र दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो, जणू नट मेकअप करून आपल्याच दिवाणखान्यात उभे आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझनं खास चित्रफीत काढून लोकांना विनंती केली की ही सोय बंद करून सिनेमा बघा. २०१९ मध्ये दिग्दर्शक आणि संच बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. एक कळ दाबली की संचाच्या सगळ्या लुडबुडी बंद. सत्तर वर्षांपूर्वी टीव्हीनं चित्राच्या कडा कापल्या, आता तो नसलेली चित्रं आत घुसडत होता. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. शेवटचा हात कुणाचा, चित्रपट करणाऱ्याचा की खोक्याचा?

आता खरेदीकडे वळू. पहिली गोष्ट, दुकानात जाण्याआधी घरी फूटपट्टी घ्या. डोळ्यांपासून भिंत किती लांब आहे ते मोजा. ४२ इंची पडद्याची उंची साडेवीस इंच असते. तिची तिप्पट म्हणजे जेमतेम पाच फूट. आपल्याकडे सोफा असतो दहा फुटांवर. तेवढ्या अंतरावरून ४२ इंची पडद्यावर डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक बहुतेकांच्या डोळ्यांना फारसा कळत नाही. म्हणजे बिंदूंसाठी मोजलेले पैसे हवेत जातात. एकतर पडदा मोठा घ्या किंवा खुर्ची पुढे ओढा. खुर्ची ओढायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, इंच नुसते ऐकू नका. इंच कर्णाचे असतात. ३२ इंची रुंद पडद्याची उंची पावणेसोळा इंच. जुन्या २९ इंची चौकोनी पडद्याची सुमारे सव्वासतरा. ज्याच्याकडे बहुतेक जुने, चौकोनी चौकटीतले चित्रपट आहेत त्याला ३२ इंची रुंद टीव्हीवर ते जुन्या टीव्हीपेक्षाही लहान दिसतील. हे घरी आणल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तिसरी गोष्ट, स्वतःची डिस्क बरोबर घेऊन जा. रात्रीचं दृश्य असलेली निवडा आणि शक्य तर दुकानदाराला समोरचे दिवे मालवायला सांगा. काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का, की सगळा एक काळा डाग होतो? माणसाच्या कातडीचा रंग माणसासारखा आहे का? दुकानात संच बहुधा सर्वांत भडक आणि निळसर रंगावर ठेवलेला असतो. तो ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ या रंगावर आणायला सांगा. पहिल्या क्षणी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. पाच मिनिटं थांबा, डोळा सरावतो. मग कॅमेरा सावकाश फिरतो असं एखादं दृश्य लावा आणि चाल बघा.

चौथी गोष्ट घरी आल्यावरची. बऱ्याच संचांना अजून जुन्या नळीच्या काळातली एक खोड आहे. ते चित्र थोडं फुगवतात आणि कडा पडद्याबाहेर ढकलतात. ती सोय बंद करा, म्हणजे डिस्कवरचा एक बिंदू पडद्याच्या एका बिंदूवर बसेल. आणि जुना चित्रपट लावल्यावर पडदा ‘भरण्याचा’ मोह टाळा. १.३७ ची चौकट १६:९ वर ताणली की प्रत्येक माणूस ३० टक्के रुंद होतो. विष्णुपंत पागनिसांचे कृश, देहभान विसरलेले तुकोबा मग पोट सुटलेल्या सावकारासारखे दिसू लागतात. चित्रपट तोच, अभंग तेच, पण तुकोबा मात्र ते राहत नाहीत. कडेच्या दोन काळ्या पट्ट्यांची अडचण वाटून आपण काय गमावतो, ते इथे कळतं.

ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या डिस्कचे दिवस आता उतरणीला लागले आहेत. १९९८ पासून टपालानं डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सनं ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सिनेमा आता बहुतेकांच्या घरी तारेतून किंवा हवेतून येतो. तिथे तो आज असतो, उद्या यादीतून गेलेला असतो. इंटरनेटचा वेग कमी झाला की चित्रही पातळ होतं. कपाटातली डिस्क मात्र आहे तशी राहते. तिच्यातल्या चित्राला मधे कुणी हात लावू शकत नाही. हात लावू शकणारा एकच उरतो, आपल्या भिंतीवरचा संच.

म्हणून संच निवडताना तो चित्रात काय भर घालतो हे विचारू नका. तो किती कमी ढवळाढवळ करतो, हे विचारा. व्ही. के. मूर्तींना २००८ साठीचा फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. त्यांनी स्टुडिओच्या अंधारात तो झोत जिथे पाडला, तिथेच तो आपल्या घरी पडला पाहिजे, आणि त्या दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. आजचा टीव्ही हे करू शकतो. इतकी वर्षं त्याला ते जमत नव्हतं. आता जमतं, तर निदान आपण ते बिघडवू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)